माझी चांदी झाली त्याची गोष्ट

मित्रांनो, इतिहास राजेरजवाड्यांनी घडवला असं तुम्हाला शाळेत शिकवतात. ते पाठ करा, कारण त्याला गुण आहेत. पण खरं मानू नका. इतिहास पाण्याने घडवला. आणि मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासात हे पाणी ज्यांनी आपल्या उदरी धारण केलं, उन्हातान्हात उभं राहून जनतेला पाजलं, अशा मोजक्या थोर विभूतींमध्ये माझी गणना करावी लागेल.

मी एक जुनी टाकी आहे. काळी, प्लास्टिकची, हजार लिटरची. झाकण माझं नाही, दुसऱ्या कुठल्या तरी टाकीचं आहे, आणि ते बसत नाही.

आम्हा टाक्यांचा जन्म असा होतो. तापलेल्या साच्यात प्लास्टिकची पूड घालतात आणि साचा गोल गोल फिरवतात. त्यामुळे जगात आले तेव्हा मला चक्कर येत होती, आणि जगाबद्दलचं माझं मत पुढेही फारसं स्थिर झालं नाही. माझ्या पोटाला तीन वळ्या आहेत. त्या मजबुतीसाठी आहेत. माणसंही आपल्या वळ्यांबद्दल असंच काहीतरी सांगतात, पण माझ्या बाबतीत ते खरं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी एखाद्या बंगल्यावर जाणार होते. पण तो त्र्याण्णवचा सप्टेंबर होता. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, ज्या उन्हाळ्यात घर थंड ठेवायच्या, त्याच माणसांवर पडल्या. चार दिवसांनी मी एका ट्रकमधून निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाला खेटून असलेल्या एका गावात उतरले. गाव म्हणजे काय, दगडांचा ढीग होता आणि त्याच्या शेजारी पत्र्याच्या शेडची रांग. पाहायला बंगला नव्हता, हे बरंच झालं. असता तर तोही पडलेला दिसला असता.

पहिल्या दिवशी टँकरने मला भरलं आणि तासाभरात मी रिकामी झाले. ज्यांच्याकडे पिंप होतं त्यांनी पिंप भरलं. ज्यांचं घरच दगडाखाली होतं, त्यांच्याकडे तांब्या होता. त्यांना तांब्याभर मिळालं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी माझ्या तोटीपाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिला कुणी नेमलं नव्हतं. तिचं नाव नीलम्मा. तिच्या घरातली चार माणसं भिंतीने घेतली होती, आणि करायला तिला काही उरलं नव्हतं. घरात ती कानडी बोलायची, बाहेर मराठी. ती रांगेकडे बघून एवढंच म्हणाली, "भांडं दावू नका. घरात तोंडं किती, ते सांगा."

त्या दिवसापासून माणशी पाणी सुरू झालं. गावची बौद्ध घरं सवयीने रांगेच्या शेवटी, हातभर अंतर ठेवून उभी राहत. नीलम्माने विचारलं, ही दुसरी रांग कशाची? मग तिने त्यातल्या आनंदराज नावाच्या विशीतल्या तरुणाला हाताला धरून मधल्या जागी उभं केलं आणि मागच्यांना म्हणाली, याच्या मागं लागा. भूकंपाने बऱ्याच भिंती पाडल्या होत्या. ही एक राहिली होती.

एक प्रसंग मी विसरत नाही. एकाने येऊन सांगितलं, सात तोंडं. सगळ्या गावाला माहीत होतं की त्याच्याकडे दोनच उरली आहेत. रांगेत कुजबुज झाली. नीलम्मा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सात माणसांचं पाणी मोजून दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आजच्या दिवस." दुसऱ्या दिवशी तो आला आणि दोन म्हणाला. मित्रांनो, पाणी वाटण्याचं शास्त्र म्हणून जे काही असेल, ते मी त्या दोन दिवसांत शिकले. पुढे शिकलेल्या लोकांनी मला ते विसरायला लावलं.

वर्तमानपत्रवाल्यांनी माझा फोटो काढला होता. त्यात माझ्यापुढे एक पुढारी उभे होते, त्यामुळे माझ्या दोन वळ्याच दिसतात.

नवं गाव वसलं, नळ आले, आणि मी ग्रामपंचायतीच्या मागे पडून राहिले. माझं झाकण कुणीतरी नेलं. माझ्यात कोंबड्या राहू लागल्या. रजिस्टरात माझ्या नावापुढे ‘दुरुस्तीपलीकडे’ असा शेरा पडला. माझ्यात बिघाड काहीच नव्हता. पण सरकारी कागदावर एकदा दुरुस्तीपलीकडे गेलं की परत येता येत नाही.

मला परत आणलं ते नीलम्मानेच. ती पोटासाठी लातूरला गेली होती, शेषेरावांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. वर पाणी साठवायला टाकी हवी म्हटल्यावर तिने सांगितलं, माझी एक वळखीची हाय. अशी मी टेम्पोतून लातूरला आले. नोकरी ओळखीने लागते म्हणतात, ते टाक्यांनाही लागू आहे.

लातुरात तेव्हा एक नवं पीक जोरात होतं. याला पाऊस लागत नसे. जूनमध्ये पेरायचं, दोन वर्षांनी मे महिन्यात काढायचं. बियाणं उदगीर, निलंगा, कंधार, कुठून कुठून एसटीने यायचं. बरोबर गादी, बादली आणि चिवड्याचा डबा. पीक चांगलं आलं की त्याचे फोटो चौकात लागायचे, ट्रॅक्टरएवढे. शेषेरावांनी घराच्या गॅलऱ्या बंद करून खोल्या काढल्या, जिन्याखाली एक काढली. चाळीस मुली राहायच्या. एका खोलीत चार कॉट आणि एक खिडकी. खिडकीत बसायलाही पाळी होती. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. मुली नीलम्माला अव्वा म्हणत आणि शेषेरावांना काका.

माझ्यात आणि खालच्या सिमेंटच्या हौदात गप्पी मासे असत. हे नखाएवढे मासे डासांच्या अळ्या खातात. ते आनंदराज आणून सोडायचा. हो, तोच, रांगेतला. तो आता मलेरिया विभागात नोकरीला होता आणि काचेच्या बाटलीत मासे घेऊन गल्लोगल्ली फिरायचा. मासे म्हणजे सरकारचे सर्वांत प्रामाणिक कर्मचारी, असं तो सांगायचा. दिलेल्या जागी राहतात आणि दिलेलंच खातात. त्याची मुलगी महामाया याच वसतिगृहात होती. बापाने शेडमधल्या दिवसांची गोष्ट तिला सांगितलेली असावी, कारण पहिल्या दिवशी गच्चीवर येऊन तिने माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली होती, म्हशीला मारतात तशी.

मग सोळा साल आलं. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेने आलं. तोवर आम्ही रेल्वेने माणसं गेलेली पाहिली होती. नळाला पंधरा पंधरा दिवस पाणी नसे. शेषेराव धडपडून आठ दिवसांनी एक टँकर मिळवत: निम्मा माझ्यात, निम्मा हौदात. त्यात पिणं आणि स्वयंपाक. अंघोळीचं पाणी बोअरचं. त्याला पाणी म्हणायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यातच परीक्षा सीईटी की नीट, हेही कुणाला नीट कळत नव्हतं. मुली दोन्हीचा अभ्यास एकदम करत होत्या आणि एकाच बाटलीवर.

अशा वेळी एक विक्रेता आला. त्याच्या शर्टाच्या खिशाला चार पेन होते. माणूस चार पेन लावतो तेव्हा त्याला लिहायचं नसतं, हे मी अनुभवाने सांगते. त्याने शेषेरावांना सांगितलं की टाकीला आतून चांदीचा लेप देतो. साधी चांदी नाही, नॅनो चांदी. एकही जंतू जगणार नाही, मुलींचं पोट बिघडणार नाही, परीक्षा बुडणार नाही. शेषेरावांनी विचारलं, काही अपाय? तो म्हणाला, चांदीचा कसला अपाय, आपण मिठाईवर वर्ख लावून खातो.

त्याने मला आतून घासलं, पंपाने फवारा मारला आणि पोटावर एक चकचकीत स्टिकर चिकटवलं. त्यावर एक हसरा थेंब होता आणि खाली अक्षरं: नॅनो नीर. म्हातारपणी माझी अशी चांदी झाली. मी खोटं बोलत नाही, मला बरं वाटलं. कोंबड्या राहिलेल्या पोटाला कुणी चांदी लावली तर तुम्हालाही बरं वाटेल.

आता हे चांदीचं पाणी चाळीस जणींना पुरणार नव्हतं. मग ते कुणाला द्यायचं? शेषेरावांनी रविवारच्या सराव परीक्षेची यादी माझ्या तोटीवर टांगली. पहिल्या दहा नंबरांना माझं पाणी, उरलेल्या तिसांना हौदाचं. दर रविवारी नवी यादी. शेषेराव वाईट नव्हते, हे इथे सांगायला हवं. स्वतः ते बोअरचं मचूळ पाणी प्यायचे. त्यांचं म्हणणं असं की ज्यांचा नंबर लागायची आशा आहे त्यांना आधी जपावं. त्या डॉक्टर झाल्या तर पुढे सगळ्या गावाला जपतील. ऐकायला बरोबर वाटायचं. फक्त दहा जणींना एक टाकी आणि तीस जणींना एक हौद, हे गणित चाळीस हुशार मुलींपैकी एकीनेही मोठ्याने सोडवून दाखवलं नाही. बहुतेक अभ्यासक्रमात नसावं.

नीलम्माला यादी आवडली नव्हती. पण ती गप्प राहिली, आणि त्याचं कारण फार वेगळं होतं. ती प्रौढ साक्षरतेच्या वर्गात मराठी अक्षरं शिकली होती, तिथे डोक्यावरचा चंद्र शिकवला नव्हता. तिने स्टिकरवर बोट ठेवून वाचलं: न, नो, नीर. एकदा, दोनदा. मग तिचा चेहरा उजळला. कानडीत ‘नन्न’ म्हणजे माझं आणि नीर म्हणजे पाणी. नन्न नीर. माझं पाणी. तिला वाटलं, शेडमधल्या सेवेचं ऐकून शेषेरावांनी टाकीवर छापून घेतलंय की हे पाणी नीलम्माचं. तिने कुणाला काही विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, मनात ठेवायच्या असतात. ती रोज संध्याकाळी पदराने ते स्टिकर पुसायची.

झाकण उघडायचं नाही, अशी विक्रेत्याची ताकीद होती. पण ती परक्यांना. टाकी आपलीच म्हटल्यावर आपण तिला नेहमीसारखंच वागवणार. तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी आनंदराज मासे घेऊन आला, तेव्हा नीलम्माने वीस मासे हौदात सोडले आणि वीस वर आणून माझ्यात.

मला त्यांचं येणं कळलं. गुदगुल्या होतात. ते आधी खाली गेले, कडेने फिरले. मग वर आले आणि तोंडं उघडी ठेवून पृष्ठभागापाशी थांबले. मला वाटलं, नवी जागा आहे, रुळतील. मित्रांनो, मी आयुष्यभर पाणी सांभाळलं, पण माझ्या पोटात काय चाललं आहे हे मला कधी कळलं नाही. सकाळपर्यंत गुदगुल्या थांबल्या.

रविवारी सकाळी नवी यादी लागली. महामायाचा नंबर आठवडे न् आठवडे अकरावा असायचा. त्या दिवशी तो नववा आला. ती बाटली घेऊन जिना चढत आली. तिच्या बाटलीवर नाव लिहिलं होतं आणि खाली छोट्या अक्षरांत, डॉ. तिच्या आधी नीलम्मा वर आली होती, माशांना कणीक टाकायला. तिने झाकण सरकवलं.

महामायाने बाटली तोटीला लावली. नीलम्मा म्हणाली, "थांब गं."

नुसतं एवढंच. पण आवाज असा होता की महामायाने तोटीवरचा हात काढला.

वीसच्या वीस मासे तरंगत होते. पांढरी पोटं वर. नीलम्माने ओंजळीने एक एक काढला आणि यादीच्या कागदाखाली, कट्ट्यावर ओळीने ठेवला. मग खाली जाऊन हौदात पाहून आली. तिथले वीस मजेत होते.

शेषेराव वर आले. मुली आल्या. रविवारी शंका सोडवायला येणाऱ्या जीवशास्त्राच्या बुशरा मॅडम आल्या. शेषेरावांचा चेहरा पडला होता, पण ते हरायला तयार नव्हते. म्हणाले, "अव्वा, मासे मेले. पोरी तर धडधाकट हायत न्हवं?"

"मासे कालच्यानं प्याले, शेषेराव," नीलम्मा म्हणाली. "पोरी तीन आठवडे पिऊन राहिल्यात."

शेषेरावांनी विक्रेत्याला फोन लावला. तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर होता. माझ्या माहितीप्रमाणे तो अजूनही तिथेच आहे.

बुशरा मॅडमनी विक्रेत्याने दिलेला माहितीचा कागद वाचला आणि समजावून सांगितलं. नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म. एका केसाच्या जाडीत काही हजार कण शेजारी शेजारी बसतील, इतके बारीक. वस्तू तीच असते, पण इतकी बारीक केली की तिचा स्वभाव बदलतो. चांदीचं पैंजण पायात घालून काही होत नाही. पण हे कण जंतूला मारतात, आणि जंतू कुठे संपतो आणि मासा कुठे सुरू होतो हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. माणसाला काय होतं, किती पोटात गेल्यावर होतं, लेपातून किती सुटलं आहे, हे मॅडमनाही माहीत नव्हतं. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. विकणाऱ्यालाही माहीत नसावं, म्हणाल्या.

"मग त्यानं इकलं कसं?" नीलम्माने विचारलं. मग तिने स्टिकरकडे बघत दुसरा प्रश्न विचारला. "नॅनो म्हंजे ल्हान?"

"लई लहान, अव्वा. दिसत नाही इतकं," मॅडम म्हणाल्या.

"मला वाटलं, नन्न. माझं." मुलींना कानडी येत नव्हती. मॅडम उदगीरच्या होत्या, त्यांना कळलं आणि त्यांनी मान खाली घातली. मग नीलम्मा म्हणाली, "असू दे. नाव माझं नसंल. मासे तर मी सोडले. म्हंजे आता हे निस्तरायचं बी माझंच."

तिने तोटीला फडकं बांधलं.

आता प्रश्न साधा होता आणि अवघड होता. परीक्षेला सात दिवस होते. पुढचा टँकर सहा दिवसांनी. माझं पाणी प्यायचं नाही म्हटल्यावर उरला अर्धा हौद आणि चाळीस मुली. म्हणजे माणशी दिवसाला दोन बाटल्या, त्याच स्वयंपाकासकट. हौद तिसांचा होता. वरच्या दहा जणी आता खाली आल्या होत्या, रिकाम्या बाटल्या घेऊन.

तिसांत कंधारची लायबा होती. तिचा नंबर अडतिसावा असायचा आणि जीभ पहिली. ती हौदाच्या कठड्यावर बसली होती. म्हणाली, "क्या जी, सकाळपर्यंत तर मेरिट होतं. पाणी कशाला पायजे? मेरिट प्या."

कुणीतरी हसलं. दहांपैकी एक रडायला लागली. शेषेराव म्हणाले की यादी आता पन्नास-पन्नास टक्के लावू. त्याचा अर्थ काय हे त्यांनाही सांगता आलं नाही. लायबा महामायाला म्हणाली, "तू त्या टाकीचं किती प्यालीस गं?"

"घोटभर बी न्हाई. आजच नंबर लागला."

"मग तू आमच्यातलीच. ये इकडं. बाकीच्या नऊ जणींनी आपलं बघावं."

महामाया जागची हलली नाही. तिला तहान लागली होती. मला तहान ओळखता येते, तो माझा धंदाच आहे. ती म्हणाली, "नऊच कशा? तीन रविवार यादी बदलली. ज्यांनी कवा बी त्या टाकीचं प्यालंय, त्यांनी हात वर करा."

नऊ हात वर आले. मग, जरा वेळाने, तिसांमधून एक हात वर आला. मग अजून एक. गेल्या तीन आठवड्यांत कुणी दहात चढलं होतं, कुणी खाली घसरलं होतं, आणि चांदी पोटात घेऊन गुपचूप तिसांत बसलं होतं. एकूण चौदा हात झाले. त्यातला एक लायबाच्या कॉटशेजारच्या मुलीचा होता, जिच्याबरोबर ती ताट वाटून घ्यायची.

लायबाने तिच्याकडे पाहिलं. "तू? तू कवा दहात होतीस?"

"एकच आठवडा," ती मुलगी म्हणाली, चोरी पकडल्यासारखी.

मी गच्चीवर होते. इथवरचं मुलींकडून कळलं, पुढचं मला जिन्यातून ऐकू आलं तेवढंच सांगते. मग महामाया म्हणाली की ज्यांच्या पोटात ते गेलंय त्यांना साधं पाणी जास्त लागेल, तिच्या दोन बाटल्यांतली एक रोज त्यांच्यात फिरवा. लायबाने विचारलं, मग तू काय पिशील, फिजिक्स? पण ती उठली, वर आली, माझ्या तोटीवरची यादी ओढून काढली, पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अ पासून नावं लिहायला बसली. चाळीस. लायबा म्हणजे ल, बत्तिसावी. ती म्हणाली, चला, सहा नंबरांनी वर आले.

रोज रांग एका नावाने पुढे सरकायची, म्हणजे शेवटी कुणी कायम राहणार नाही. नीलम्मा भरून द्यायची. शेषेरावांचं नाव यादीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी, कुणी ते कळलं नाही, सर्वांत खाली ‘काका’ असं लिहिलं.

आणि माझं काय? शेषेरावांना वाटलं, निदान संडासात तरी वापरू. बुशरा मॅडम म्हणाल्या, ओतू नका. नालीत गेलं की कुठे गेलं ते कळणार नाही. पुढे कुणाची भाजी आहे, कुणाचं जनावर पितंय, कुणाच्या हौदात मासे आहेत. म्हणून झाकणावर दगड ठेवला आणि तोटीला कुलूप घातलं. किल्ली नीलम्माच्या गळ्यात.

मित्रांनो, टाकीला रिकामं राहण्याचं दुःख नसतं. रिकामपण आमच्या नशिबातच असतं. पण मी एप्रिल आणि मे त्या लातुरात भरलेली उभी होते. खाली गल्लीत बायका घागरी घेऊन उन्हात बसायच्या आणि मान वर करून माझ्याकडे बघायच्या. एक म्हातारी रोज विचारायची, वर पाणी हाय न्हवं? नीलम्मा म्हणायची, हाय, पण प्यायचं न्हाई. म्हातारी तिला कंजूस म्हणायची. नीलम्मा ऐकून घ्यायची आणि हौदातला आपल्या वाट्याचा तांब्या तिला द्यायची. मी तेव्हा भूकंपातल्या त्या सात म्हणणाऱ्या माणसाचा विचार करायचे. नसलेली तोंडं सांगणाऱ्याला पाणी देता आलं होतं. इथे तोंड समोर होतं, पाणी माझ्या पोटात होतं, आणि मी देऊ शकत नव्हते.

टँकर सहाऐवजी आठव्या दिवशी आला. शेवटचे दोन दिवस एकेक बाटली. मुली त्याच बाटलीवर परीक्षेला गेल्या. कोण पास झाली, कोण डॉक्टर झाली, मला माहीत नाही; टाकीला निकाल कुणी कळवत नाही. त्या चौदांपैकी निलंग्याच्या एका मुलीला उलट्या झाल्या होत्या. दवाखान्यात सांगितलं, परीक्षेचं टेन्शन. असेलही. चाळीसही जणींना टेन्शन होतं, उलट्या एकीला झाल्या. यातून काही सिद्ध होत नाही, असं मॅडम म्हणाल्या. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की सिद्ध न होण्याइतकी वाईट गोष्ट नाही. मेलेले मासे निदान कट्ट्यावर मोजता येतात.

मॅडमनी माझं पाणी बाटलीत भरून गावातल्या प्रयोगशाळेत दिलं. आठवड्यात कागद आला: जंतू आढळले नाहीत, पाणी पिण्यास उत्तम. चांदीची तपासणी तिथे होत नव्हती. मग दुसरी बाटली मोठ्या शहरात पाठवली. तिकडून उत्तर यायचं आहे.

माझं पाणी हळूहळू आटत गेलं. आत राखाडी थर राहिला. नीलम्माने भंगारवाल्याला बोलावलं आणि यात काय लावलं होतं ते सगळं खरं सांगितलं. भंगारवाल्याला खरं सांगणारी जगात ती एकटीच असेल. तो न घेता गेला. मग पुन्हा कुणी चुकून पाणी भरू नये म्हणून तिने आणि आनंदराजने मला गच्चीच्या कोपऱ्यात पालथं घातलं. आनंदराज त्या दिवशी बाटली न आणता आला होता. म्हणाला, हौदातल्यांना पिल्लं झालीत, आता आणायची गरज न्हाई.

नीलम्मा आता थकली. लातुरात वसतिगृहं वाढली. नवीन नवीन लेप येतात, गाळण्या येतात, त्यांच्यावर हसरे थेंब असतात. मित्रांनो, मोठ्या माणसांसारखा मलाही शेवटी उपदेश करायचा होता. कुणाला आधी पाजायचं यावर भांडण्यापूर्वी, काय पाजतो आहोत ते विचारा. आणि थोडंच असलं तर नंबर विचारू नका, तोंडं विचारा. दोन वाक्यं पुरेत. माझ्यासारख्या मासे मारलेल्या टाकीने याहून जास्त बोलू नये.

फक्त एक विनंती आहे. मोठ्या शहरातून तो कागद कधी आलाच आणि तुमच्यापैकी कुणाच्या हाती पडला, तर वर येऊन मला वाचून दाखवा. जरा मोठ्याने वाचा. माझं तोंड जमिनीकडे आहे.